घराची अंतर्गत सजावट : आधी करार, मग काम

बहुतेक माणसे आयुष्यभराच्या कमाईतून एकदाच घर बांधतात. भिंती उभ्या राहीपर्यंत विटा-सिमेंटचा पै-पैचा हिशेब ठेवला जातो. पण आतील सजावटीचे काम निघाले की सारा व्यवहार तोंडी होतो. नेमका तेथेच खर्च हाताबाहेर जातो आणि ओळखीच्या माणसांत वितुष्ट येते. म्हणून इंटिरियर डिझायनर नेमताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

वेळ : वायरिंगचे व नळाचे पाइप भिंतीत जाण्यापूर्वीच डिझायनरला बोलवावे. प्लास्टरनंतर बोलावल्यास फोडाफोडीचा दुहेरी खर्च येतो. आपल्या गरजाही तेव्हाच सांगाव्यात. वुजूसाठी बसून पाय धुता येतील असा खालचा नळ व पाण्याला उतार, पाहुण्यांच्या खोलीला वेगळा दरवाजा, संडासात बसताना किबल्याकडे तोंड वा पाठ होणार नाही अशी बैठक. महाराष्ट्रातून किबला पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे येतो, हे नकाशावर दाखवून द्यावे.

पात्रता : १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. इंटिरियर डिझायनरला अशी सक्ती नाही. म्हणून केवळ फोटो पाहून भुलू नये. त्याने केलेली दोन-तीन घरे प्रत्यक्ष पाहावीत आणि घरमालकांशी बोलावे.

फी : फी ठरवण्याच्या तीन पद्धती आहेत : ठोक रक्कम, चौरस फुटाचा दर किंवा एकूण खर्चाची टक्केवारी. समजा, ८ लाखांच्या कामावर १० टक्के ठरले, तर फी ८० हजार. खर्च १२ लाखांवर गेला की फी १ लाख २० हजार होते. म्हणजे खर्च वाढला की फी आपोआप वाढते. त्यामुळे टक्केवारी ठरली तर फीची कमाल मर्यादाही ठरवावी. जीएसटी नोंदणी असलेला डिझायनर फीवर १८ टक्के कर लावतो. तोही धरून चालावे.

कमिशन : प्लायवूड, टाइल्स, लाइट यांचे काही दुकानदार डिझायनरला कमिशन देतात. ते घेतले जाणार का आणि त्याचा लाभ कोणाला, हे सुरुवातीलाच स्पष्ट विचारावे. लपवलेले कमिशन म्हणजे ग्राहकाच्या विश्वासाला तडा होय.

लेखी करार : नकाशे, मालाचा दर्जा, मुदत आणि हप्ते कागदावर असावेत. "चांगले प्लाय" असे मोघम न लिहिता जाडी आणि मानक लिहावे. उदाहरणार्थ, मरीन प्लायसाठी आयएस ७१०. हप्ते तारखेवर नव्हे, तर पूर्ण झालेल्या टप्प्यावर द्यावेत. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तिचे पालन करण्यात संकोच कसला?

सुतार, पॉलिशवाले, फर्निचर कारागीर बांधवांनीही हाच नियम पाळावा. मजुरी मालक देणार की डिझायनर, हे काम धरण्यापूर्वी लिहून घ्यावे. मोजमापाची पद्धतही ठरवावी. कपाट समोरून मोजायचे असेल तर ७ फूट उंच व ६ फूट रुंद कपाट ४२ चौरस फूट भरते. आतील कप्पे, ड्रॉवर त्यात धरले आहेत की वेगळे, हे नमूद असावे. मध्येच बदल सांगितला गेल्यास वाढीव दरावर सही घेऊनच करवत उचलावी.

लेखी व्यवहार हा अविश्वास नव्हे. त्यात मालकाचा पैसा आणि कारागिराचा घाम, दोन्ही सुरक्षित राहतात.