डॉक्टरांना मत कोण देतं?

भाईंदर पूर्वेला संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडणारा लोंढा नवघर रोड, बीपी रोड, केबिन रोडवर पांगत जातो. त्यातली काही माणसं घरी पोचण्याआधी वाटेतल्या दवाखान्यात शिरतात. एका गाळ्यात बसवलेला दवाखाना, बाहेर दोन बाकं, कंपाउंडरच्या हातात नंबरांची यादी. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर काम करणाऱ्याचा हटत नसलेला खोकला, विरार लोकलला लोंबकळून दुखावलेला खांदा, पहिल्या पावसानंतर घरोघरी आलेला ताप हे सगळं त्या बाकांवर नंबर लावून बसलेलं असतं. कुणाची नोकरी सुटली, कुणाचा मुलगा दारूला लागला, कुणाच्या सोसायटीत महिनाभर पाण्याचा टँकर येतोय, हे डॉक्टरांना नगरसेवकाच्या आधी कळतं. पैसे नसले तर ‘पुढच्या वेळी द्या’ म्हणणारे डॉक्टर अजून इथे आहेत. मग निवडणूक आली की बाकावरचं कुणीतरी म्हणतंच, ‘डॉक्टर, तुम्हीच उभे राहा.’

हे मनापासून म्हटलेलं असतं आणि त्यामागे खरा विश्वास असतो. पण हा विश्वास मतपेटीपर्यंत पोचतो का? राजकारणाशी ज्याचा संबंध नाही असा डॉक्टर थेट लोकसभेत जाऊ शकतो का? भाईंदरहून आजूबाजूला पाहिलं तर उत्तर सोपं वाटेल. खाडीचा पूल ओलांडला की पालघर मतदारसंघ लागतो. तिथले खासदार डॉ. हेमंत सवरा अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. दुसऱ्या बाजूला कल्याण, तिथले डॉ. श्रीकांत शिंदे हेही अस्थिरोगतज्ज्ञच. मात्र सवरा हे माजी मंत्री विष्णू सवरा यांचे चिरंजीव आणि शिंदे हे एकनाथ शिंदे यांचे. दोघांची पदवी खरी आहे, पण दोघांनाही राजकारणाचा उंबरठा ओलांडावा लागला नाही. त्यांचं घरच त्या उंबरठ्याच्या आत होतं. आपला प्रश्न बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचा आहे, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण चाळीस वर्षांपूर्वीच्या गिरणगावात सापडतं.

पंतनगरचे डॉक्टर

दत्ता सामंत यांचा जन्म १९३२चा, मालवणजवळच्या देवबागचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममधून त्यांनी एमबीबीएस केलं आणि घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. पेशंट बहुतेक कामगार. त्यांच्या छातीत जाणारी धूळ आणि हातात पडणारी मजुरी यांचा संबंध तरुण डॉक्टरांना दिसत गेला. औषध देऊन बरा केलेला माणूस त्याच खाणीत, त्याच खात्यात परत जाणार असेल, तर आजाराचं मूळ दवाखान्याबाहेर आहे, हे ओळखून ते कामगार चळवळीत उतरले. काँग्रेसच्या तिकिटावर ते आमदारही झाले. तरी आणीबाणीत त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. पुढे पक्ष सुटला आणि कारखान्याकारखान्यांतून पगारवाढीचे करार करून देणारा नेता अशी त्यांची ख्याती झाली. त्यांच्या युनियनवर दहशतीचे, मारहाणीचे आरोपही झाले, हेही नोंदवायला हवं. कामगार मात्र त्यांना शेवटपर्यंत ‘डॉक्टर’च म्हणत राहिले.

१९८१च्या दिवाळीच्या तोंडावर बोनसवरून गिरण्यांमध्ये असंतोष उसळला आणि गिरणी कामगार सामंतांच्या घरी येऊन थडकले. नेतृत्व करा, असा त्यांचा हट्ट होता. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागणी पगाराची होती, तशीच १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या विरोधातही होती. या कायद्याखाली गिरणी कामगारांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांना दुसरं कुणी हवं असलं तरी मालक आणि सरकार त्याच्याशी बोलायला बांधील नव्हते. १९८३मध्ये केंद्रानं १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, पण तडजोड झाली नाही. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. लाखाहून अधिक माणसांची नोकरी गेली. पुढच्या वर्षांत गिरणगावातली कित्येक कुटुंबं भाडं परवडेल तिथे, म्हणजे नालासोपारा, विरार, भाईंदर, डोंबिवलीकडे सरकली. भाईंदर पूर्वेच्या जुन्या इमारतींमध्ये आजही अशी घरं भेटतात.

याच पार्श्वभूमीवर १९८४ची लोकसभा निवडणूक आली. इंदिरा गांधींची ३१ ऑक्टोबरला हत्या झाली होती. डिसेंबरमध्ये मतदान झालं तेव्हा सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसनं चारशेच्या वर जागा जिंकल्या. महाराष्ट्रातल्या ४८पैकी ४३ जागा काँग्रेसला गेल्या. त्या लाटेत, मुंबई दक्षिण-मध्य मतदारसंघात, अपक्ष उमेदवार डॉ. दत्ता सामंत निवडून आले. त्या वेळी देशभरातून जेमतेम पाच अपक्ष लोकसभेत गेले, त्यातले ते एक.

संप हरलेला होता. नोकऱ्या गेल्या होत्या. तरी ज्यांच्या घरातली चूल त्या संपात थंडावली होती, त्याच वस्त्यांनी डॉक्टरांना मत दिलं. हे नुसत्या सद्भावनेनं घडलं नाही. सामंतांच्या पाठीशी मोठा राजकीय पक्ष नव्हता, पण त्याहून घट्ट वीण त्यांच्यापाशी होती. खात्याखात्यातले प्रतिनिधी, चाळीचाळीतले कार्यकर्ते, गेटवर रोज भरणाऱ्या सभा, दोन वर्षं एकत्र भोगलेली उपासमार. मतदानाच्या दिवशी कुणाला बाहेर काढायचं, हे तिथल्या माणसांना ठाऊक होतं. डॉक्टर एकटे उभे होते, पण एकाकी नव्हते.

दिल्लीत मात्र ते एकाकी पडले. १९८५च्या सुरुवातीलाच त्या लोकसभेनं पक्षांतरबंदीची घटनादुरुस्ती केली. तिच्यामुळे अपक्ष खासदारानं निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात प्रवेश केला तर त्याचं सदस्यत्व जातं. म्हणजे ज्यानं एकट्यानं जायचं ठरवलं, त्यानं पाच वर्षं एकट्यानंच राहायचं. सभागृहात बोलायची वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळते. मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं एकही विधेयक १९७०नंतर कायद्यात उतरलेलं नाही. गिरण्यांचा प्रश्न सुटला नाही आणि १९८९मध्ये दक्षिण-मध्यची जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली. १६ जानेवारी १९९७ला पवईत सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या माणसानं लाटेविरुद्ध निवडणूक जिंकली, त्याला संसदेतून आपल्या कामगारांसाठी फारसं काही मिळवता आलं नाही, हे सत्य त्यांच्या चाहत्यांनीही पचवायला हवं.

ठाण्याचा हिशेब

आता भाईंदर पूर्वेचा हिशेब मांडू. हा भाग ठाणे लोकसभा मतदारसंघात येतो. मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आहेत. म्हणजे भाईंदरच्या खाडीपासून बेलापूरच्या टेकडीपर्यंत सुमारे २५ लाख मतदार. २०२४मध्ये विजयी झालेल्या नरेश म्हस्के यांना ७,३४,२३१ आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या राजन विचारे यांना ५,१७,२२० मतं पडली. दोघांचीच बेरीज साडेबारा लाख. अनामत रक्कम वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. तेव्हा इथे जिंकणं दूर, नुसतं डिपॉझिट राखायलाच दोन लाखांच्या वर मतं हवीत.

भाईंदर पूर्वेचा एखादा चालता दवाखाना घ्या. दिवसाला साठ पेशंट, वर्षाचे तीनशे दिवस. अठरा हजार खेपा झाल्या, पण माणसं तीच तीच असतात. वीस वर्षांत पाच हजार कुटुंबं जोडली गेली असं धरू, आणि घरटी तीन मतं. एकही मत इकडेतिकडे न होता पंधरा हजार झाली. डिपॉझिटच्या दहाव्या हिश्श्यालाही ती पोचत नाहीत. ऐरोलीच्या किंवा नेरूळच्या मतदारानं या डॉक्टरांचं नावही ऐकलेलं नसतं.

कायद्यानं वाट बंद केलेली नाही. अपक्षाला दहा सूचक लागतात आणि २५,००० रुपये अनामत, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. १९९६च्या लोकसभा निवडणुकीत देशभर १३,९५२ उमेदवार उभे होते, त्यातले दहा हजारांहून जास्त अपक्ष. तेव्हा अनामत ५०० रुपये होती. त्या निवडणुकीनंतर ती दहा हजारांवर आणि पुढे पंचवीस हजारांवर नेण्यात आली. पण खरी अडचण अनामतीची नाही. लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. २५ लाख मतदारांपैकी प्रत्येकाच्या हाती एक पत्रक द्यायचं आणि छपाई-वाटपाला चार रुपये धरले, तर त्यातच एक कोटी रुपये लागतात. मर्यादा एका पत्रकात संपते. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंत हाती जेमतेम दोन-अडीच आठवडे. एका केंद्रावर दीड हजार मतदार धरले तरी ठाण्यात सोळाशेहून जास्त केंद्रं होतात. प्रत्येक ठिकाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारा एक पोलिंग एजंट हवा. सोळाशे माणसं, जेवणाच्या डब्यासकट. पक्षाकडे ती असतात, दवाखान्याकडे नसतात.

म्हणूनच १९५७मध्ये ४२ अपक्ष लोकसभेत गेले होते, आणि २०२४मध्ये ३,९००हून जास्त अपक्षांपैकी फक्त सात. २६/११च्या हल्ल्यानंतर, २००९मध्ये, दक्षिण मुंबईतून बँकर मीरा सन्याल अपक्ष उभ्या राहिल्या. शिक्षित मुंबईकरांनी आणि माध्यमांनी त्यांचं भरभरून कौतुक केलं. मतं पडली दहा हजारांच्या आसपास.

लातूरचे नेत्रतज्ज्ञ, किडरमिन्स्टरचे निवृत्त डॉक्टर

बाहेरचा डॉक्टर लोकसभेत जाण्याची दुसरी वाट लातूरनं दाखवली. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली ही जागा २०१४ आणि २०१९मध्ये भाजपकडे होती. २०२४मध्ये काँग्रेसनं लातूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे यांना उमेदवारी दिली. डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात कारकीर्द गेलेल्या या माणसानं तेव्हाचे खासदार सुधाकर शृंगारे यांना ६१,८८१ मतांनी हरवलं. चेहरा नवा आणि स्वच्छ होता. पण त्यामागे लातूरमधल्या काँग्रेसच्या देशमुख कुटुंबानं साखर कारखाने, बँका आणि सोसायट्यांमधून दोन पिढ्या बांधलेली यंत्रणा होती. डॉक्टरांनी विश्वास आणला, पक्षानं गावोगावची माणसं. दोन्हींतलं एक नसतं तर निकाल वेगळा लागला असता. अर्थात या वाटेनं गेलेल्याला पक्षाचा व्हिप पाळावा लागतो. बाहेरचा माणूस म्हणून मिळवलेली मोकळीक तिकिटाबरोबर थोडी गहाण पडते.

तिसरी वाट ब्रिटनमधली आहे. किडरमिन्स्टर या छोट्या शहरातल्या रुग्णालयाचा अपघात विभाग बंद करून सेवा वूस्टरला हलवण्यात आल्या. तिथले निवृत्त डॉक्टर रिचर्ड टेलर २००१मध्ये वायर फॉरेस्ट मतदारसंघातून त्या एका प्रश्नावर उभे राहिले आणि सत्ताधारी मजूर पक्षाच्या खासदाराला १७,६३० मतांनी हरवून संसदेत गेले. २००५मध्ये पुन्हा निवडून आले, २०१०मध्ये हरले. ही कथा सांगताना दोन गोष्टी हमखास गळतात. टेलर यांच्या ‘हेल्थ कन्सर्न’ गटानं आधी स्थानिक परिषदेच्या निवडणुका लढवून जागा जिंकल्या होत्या. खासदारकी ही त्यांची पहिली पायरी नव्हती. आणि तिथला मतदारसंघ सत्तर-पंचाहत्तर हजार मतदारांचा. ठाण्याच्या मतदारसंघात असे तीसहून जास्त मतदारसंघ मावतील. किडरमिन्स्टरमध्ये डॉक्टरांची ओळख मतदारसंघाला पुरून उरली. आपल्याकडे ती एका स्टेशनच्या एका बाजूलाही पुरत नाही.

मग डॉक्टरांनी करायचं काय?

तिन्ही उदाहरणांत डॉक्टर म्हणून मिळालेला विश्वास खरा होता, आणि तिन्ही ठिकाणी तो वाहून नेणारी संघटना निवडणुकीच्या आधी उभी होती. सामंतांकडे युनियन, काळगेंकडे पक्ष, टेलर यांच्याकडे नागरिकांचा गट. विश्वास हे बी-बियाणं आहे. जमीन नांगरलेली नसेल तर ते उगवत नाही.

भाईंदर पूर्वेत ही नांगरट करायला जागा आहे. १९८५मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२मध्ये महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. महापालिकेत ९५ नगरसेवक आणि २४ प्रभाग, म्हणजे त्या लोकसंख्येच्या हिशेबानं एका प्रभागात सुमारे ३४ हजार माणसं. इथे दवाखान्याचा हिशेब एकदम जुळतो. पाच हजार कुटुंबांचा विश्वास लोकसभेत दिसेनासा होतो, प्रभागात तो निकाल ठरवू शकतो. शिवाय पेशंट ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ महापालिकेच्याच कक्षेत असतं. तुंबलेली गटारं, डासांची पैदास, पाण्याचा पुरवठा, आरोग्य केंद्रातली रिकामी खुर्ची, रात्री अपरात्री मुंबईला पाठवला जाणारा रुग्ण. खासदाराच्या स्थानिक विकास निधीचे वर्षाला पाच कोटी ठाण्यातल्या मतदारांत वाटले तर माणशी वीस रुपये येतात. गटाराचा प्रश्न त्यातून सुटायचा नाही.

याचा अर्थ डॉक्टरांनी दिल्लीचं नाव काढू नये, असा मुळीच नाही. औषधांच्या किमती, सरकारी आरोग्याचा खर्च, कारखान्यातल्या धुळीविषयीचे कायदे दिल्लीतच ठरतात, आणि तिथे बाकावर बसलेल्यांचा खोकला ऐकलेली माणसं हवीत. हवीतच. पण ती पोचायची तर पाच वर्षांतून एकदा अर्ज भरून नव्हे. आधी प्रभाग, मग शहर. वाटेत दुसऱ्या दवाखान्यांतले डॉक्टर, सोसायट्यांचे सेक्रेटरी, कारखान्यातले कामगार, ऐरोली-बेलापूरमधले समविचारी लोक. हे काम दहा वर्षांचं आहे, आणि त्यात डॉक्टरांचे कितीतरी रविवार जाणार आहेत.

आणि ते एकट्या डॉक्टरांनी करायचं नाही. ‘तुम्हीच उभे राहा’ हे बाकावरून म्हणणं सोपं आहे, कारण त्यात म्हणणाऱ्याला काही करावं लागत नाही. एका प्रभागात पंधरा-वीस मतदान केंद्रं असतात. प्रत्येक केंद्रामागे एका माणसानं आपल्या भागाची मतदार यादी तपासली, नवीन नावं नोंदवली, गटाराची तक्रार उत्तर मिळेपर्यंत लावून धरली आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी टाकून केंद्रावर बसायचं कबूल केलं, तर ती पंधरा-वीस माणसं कुठल्याही पक्षाच्या तिकिटाइतकी मोलाची आहेत. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना उभं राहायला सांगताना सोबत आपलं नाव आणि आपल्या केंद्राचा क्रमांकही द्यावा.