शिशाहून जड असा वायूचा गोळा

धार आणि देवास ही पवारांची दोन्ही संस्थानी गावं कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला वसलेली आहेत. त्यामुळे पौषातल्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास कृत्तिका आणि रोहिणी इथे जवळजवळ डोक्यावरच येतात. त्याच वृषभ राशीत एक अंधुक तारा आहे, टीओआय-4603. त्याच्याभोवती फिरणारा ग्रह भारतीय शास्त्रज्ञांनी शोधला, आणि तो ग्रह थक्क करून सोडणारा आहे!

तो आहे 731 प्रकाशवर्षं दूर. आज दिसणारा त्याच्या ताऱ्याचा प्रकाश निघाला तेव्हा ज्ञानेश्वरी नुकतीच पूर्ण झाली होती आणि धारमध्ये परमारांचं राज्य होतं.

दर सव्वासात दिवसांनी हा तारा हजारात दीड भागाने मंदावतो, हे ‘टेस’ उपग्रहाला दिसलं. म्हणजे समोरून काहीतरी जातं, आणि ते आकाराने गुरूएवढं आहे. पण वजन? ते अबूच्या गुरुशिखरावर ठरलं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची 1.2 मीटरची दुर्बीण तिथे आहे आणि तिला ‘पारस’ हा वर्णपटमापक जोडलेला आहे. ग्रह ताऱ्याला ओढतो, तसा तारा डुलतो, आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा किंचित सरकतात. या ताऱ्याच्या डुलण्याचा वेग सेकंदाला जवळपास एक किलोमीटर भरला. इतक्या जड ताऱ्याला असं हलवायला गुरूच्या जवळपास 13 पट, म्हणजे चार हजारांहून अधिक पृथ्व्यांएवढं वस्तुमान लागतं. 2023 मध्ये हा शोध जाहीर झाला.

गुरूच्या तेरापट माल, आणि आकार गुरूएवढाच! हे कसं? जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस दाबून गाठी बांधतात, तसा इथे वायू स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने दाबला जातो. भर पडेल तसा गोळा फुगत नाही, आणखी घट्ट होतो. या ग्रहाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 14 ग्रॅम आहे. शिशाची 11.3. मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा हा गोळा शिशाहून जड भरतो!

आणि तो अगदी सीमेवर उभा आहे. साधारण 13 गुरूंच्या पुढे पोटातला दाब आणि उष्णता इतकी वाढते की ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, पेटू लागतो. मग त्या गोळ्याला ग्रह न म्हणता तपकिरी बटू म्हणतात. ग्रह कुठे संपतो हे ठरवायला असे सीमेवरचे गोळे हवेत, आणि ते फार थोडे सापडले आहेत. याची कक्षाही लांबट आहे. बहुधा तो दूर जन्मला आणि नंतर ताऱ्याजवळ आला. आता त्याचं तापमान 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे.

ग्रह दिसणार नाही, पण तीन इंची दुर्बिणीत त्याचा तारा दिसतो. तो डोक्यावर असताना वाटेत हवेचा थर सर्वांत पातळ असतो, म्हणून माळव्यातल्या हौशी निरीक्षकांना तो शोधायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. नकाशा घ्या आणि या हिवाळ्यात शोधाच.