पंगतीतला शेवटचा माणूस

'वाढणारा आपला असला, की पंगतीत कुठेही बसले तरी चालते,' असे मराठीत म्हटले जाते. या बोलण्यात विनोद आहे. पण एक कडू सत्यही आहे. वाढणारा ज्यांच्या ओळखीचा नाही, त्यांच्या पानात काय पडते? अन्नदान करणारे पुष्कळ असतात. परंतु दिलेले अन्न खऱ्या गरजवंतापर्यंत पोचविणे हे वेगळे आणि अवघड काम आहे. ख्रिस्ती समाजात या कामासाठी फार पूर्वीच एक पद निर्माण झाले. त्या पदाला 'डीकन' म्हणतात.

हा शब्द 'सेवक' या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून आला आहे. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सांगितलेल्या एका घटनेत या पदाचा उगम आहे, असे परंपरेने मानले जाते. यरुशलेम येथील पहिल्या ख्रिस्ती मंडळीत निराधार विधवांना रोज अन्न वाटले जाई. या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी केली. मंडळीच्या प्रमुखांनी ती दडपली नाही. त्यांनी लोकांनाच सात विश्वासू माणसे निवडण्यास सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचे काम सोपविले गेले.

पुढे या पदाचे स्वरूप ठिकठिकाणी बदलत गेले. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'मध्ये डीकन हा दीक्षा घेतलेला धर्मसेवक असतो. बाप्टिस्ट मंडळ्यांत मात्र सभासद आपल्यातूनच डीकन निवडतात. रीत वेगळी असली, तरी गरजूंची सेवा हा या पदाचा मूळ अर्थ कायम आहे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची चूल पेटलेली नाही, हे न सांगता ओळखणे हीच त्या सेवेची पहिली पायरी होय.

अशा सेवेची खरी कसोटी दुष्काळात लागते. १८६८ साली ऑस्कर लोर या मिशनऱ्याने रायपूरजवळ विश्रामपूर येथे मिशनचे केंद्र स्थापन केले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मध्य प्रांत होरपळून निघाला. तेव्हा तेथील मिशनने भुकेल्यांना अन्न व अनाथ मुलांना आश्रय दिला. याच काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळग्रस्त मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथील त्यांच्या 'मुक्ती' संस्थेत अशा शेकडो मुली वाढल्या. अन्न देताना धर्मांतराची अपेक्षा ठेवली जाते, अशी टीकाही मिशनांवर झाली. ती विसरून चालणार नाही. भुकेल्याच्या घासाला अट जोडली, की दानाचे मोल उणे होते.

छत्तीसगडची स्वतःची दानपरंपराही मोठी आहे. रायपूरच्या तात्यापारा भागातील मराठी कुटुंबांना 'छेरछेरा' हा सण नवा नाही. नवे धान घरात आले, की पौष पौर्णिमेला मुले व मोठी माणसे दारोदार धान मागतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नसतो आणि मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाहीत. मात्र हा सण वर्षातून एकदा येतो. भूक रोज लागते.

म्हणूनच दानाच्या पुढचे पाऊल आवश्यक ठरते. छत्तीसगडने २०१२ साली अन्नसुरक्षेचा कायदा केला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, संपूर्ण देशासाठी तसा कायदा झाला. त्यामुळे पात्र कुटुंबाला धान्य मिळणे ही मेहेरबानी न राहता हक्क झाला. तरीही यादीतून कोणाचे नाव सुटले, रेशन दुकानात कोणाचे माप कमी भरले, हे पाहणारा जागरूक माणूस लागतोच. यरुशलेमच्या विधवांची तक्रारही याहून वेगळी नव्हती.

अन्न देणाऱ्याचे मन मोठे असावे, हे खरे. परंतु वाढणाऱ्याची नजर पंगतीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली, तरच ते दान पूर्ण होते.