अकल्पित आर्थिक आघात आणि गुंतवणुकीची रचना : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने सात हजारांहून अधिक बळी घेतले. तत्कालीन भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडत होता. भूकंपाची वेळ कोणालाही सांगता आली नसती. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचा भार यांची दुर्बलता मात्र आधीच जाणता येण्याजोगी होती. गुंतवणुकीच्या विचारातही हाच भेद मूलभूत ठरतो.

आघातांचे स्वरूप
विरळ, अनपेक्षित आणि दूरगामी परिणामांच्या घटनांसाठी नसीम तालेब यांनी ‘काळा हंस’ ही संज्ञा रूढ केली. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला. २३ मार्च २०२० रोजी तो एकाच दिवसात सुमारे १३ टक्के घसरला. पन्नास टक्के घट भरून काढण्यासाठी उरलेल्या रकमेत शंभर टक्के वाढ व्हावी लागते. त्यामुळे घसरणीपेक्षाही घातक ठरते ती घसरणीच्या काळात करावी लागणारी सक्तीची विक्री.

सुरक्षित मानलेली साधनेही यास अपवाद नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत प्रति ठेवीदार एक लाखावरून पाच लाख रुपये झाली.

स्थानिक संदर्भ
शेती, भूखंड आणि घर एकाच तालुक्यात असणे म्हणजे विविधता नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळात पीक, जमिनीची मागणी व स्थानिक पतपुरवठा एकाच वेळी आक्रसतात. १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त झालेल्या अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांना परिभाषित अंशदान योजना लागू झाल्याने त्यांच्या निवृत्तिनिधीचा संबंधही बाजाराशी जोडला गेला.

निष्कर्ष
आघाताचे भाकीत करण्यापेक्षा तो सोसण्याची क्षमता निर्माण करणे अधिक श्रेयस्कर होय. किमान सहा महिन्यांचा खर्च सहज काढता येईल असा ठेवावा. ठेवी विमामर्यादेत राहतील अशा रीतीने निरनिराळ्या बँकांत विभागाव्यात. पाच वर्षांत लागणारा पैसा समभागांत गुंतवू नये. कर्ज काढून गुंतवणूक टाळावी. या शिस्तीमुळे परतावा काहीसा घटतो. ती घट म्हणजे भक्कम भिंतीचा खर्च होय.