गावाची नोंद – लेखांक ७ : पैसा थोडा, हंगाम मोठा

मागच्या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज पाहिला. दहा रुपये शुल्क, दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांची मुदत आणि उत्तर आलंच तर पानाला दोन रुपये. कागद इतका स्वस्त पडतो. महाग पडतं ते कागद हातात घेऊन गावात फिरणं. तो खर्च कोण देतं, हे आज पाहू.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर पाली. बिंदुसरा प्रकल्प इथलाच, बीड शहराला पाणी देणारा. पाऊसकाळ बरा झाला की धरण भरून वाहिल्याची बातमी फोटोसकट छापून येते. साठ्याचे आकडे पाटबंधारे खात्याकडे असतातच. पण त्याच धरणाच्या आसपासच्या विहिरी जानेवारीत कुठवर उतरल्या, मे महिन्यात कोणत्या वस्तीला टँकर लागला, शहराला पाणी गेलं तेव्हा शेताला किती मिळालं, हे लिहायचं तर एकाच माणसाला ऑक्टोबर, जानेवारी आणि मे असं तीनदा यावं लागेल. तालुक्याच्या वार्ताहराला ते परवडत नाही. त्याचं घर बातमीवर कमी आणि जाहिरातींच्या कमिशनवर जास्त चालतं. विद्यापीठातल्या संशोधकाकडे वेळ असतो, पण त्याला प्रबंध पुरा करायचा असतो आणि प्रबंधाला चालू घडामोडींची घाई नसते. या दोघांमधली जागा लहान पाठ्यवृत्त्या भरतात.

‘नॅशनल फाउंडेशन फॉर इंडिया’ ही दिल्लीची संस्था १९९५पासून पत्रकारांना अशा पाठ्यवृत्त्या देत आली. आपल्याकडे लेखक-पत्रकार अरुण साधूंच्या नावाची पाठ्यवृत्ती आहे. रक्कम सहसा काही महिन्यांचा प्रवास आणि मुक्काम निघेल एवढीच. एवढ्याशा पैशात काय होतं, असं विचारणाऱ्याला पत्रकार पी. साईनाथ यांचं नाव सांगावं. १९९३ साली त्यांना ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची पाठ्यवृत्ती मिळाली. देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांतून ते फिरले, ८४ वृत्तलेख लिहिले आणि १९९६ साली त्यांचं पुस्तक झालं. मला त्यांच्या मैलांपेक्षा त्यांचं वेळापत्रक महत्त्वाचं वाटतं. शेतात काम नसतं त्या महिन्यांत माणसं कशी जगतात, हे पाहायला ते मुद्दाम त्या दिवसांत गेले. पुढे २०१४ साली त्यांनी ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं दस्तऐवजी संकेतस्थळ सुरू केलं. तिथे बीडच्या ऊसतोड कामगारांवर मराठीतही वाचायला मिळतं.

बीड जिल्ह्यात तर या वेळापत्रकावाचून पान हलत नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, परत येणं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलला. आता सहा महिन्यांची पाठ्यवृत्ती ऑक्टोबरात मंजूर झाली, तर अभ्यासकाला गावात भेटणार कोण? म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. मुंबई-दिल्लीच्या निवड समित्या आर्थिक वर्ष पाहतात, गाव हंगाम पाहतं. अर्ज करताना हे स्पष्ट लिहावं आणि मुदत वाढवून मागावी. पैसे तेवढेच राहिले तरी चालतील.

याच ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण आठवा. २०१९ साली ते देशभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे साधारण सहाजणींत एक. एवढ्या बायका एका रात्रीत दवाखान्यात गेल्या नव्हत्या. गावोगाव ही गोष्ट ठाऊक होती, फक्त ती कुणी ओळीने मोजली नव्हती. मोजणीनंतर कॅमेरे निघून गेले. त्या बायकांच्या कंबरदुखीचं, कर्जाचं, पुढच्या हंगामाचं काय झालं, हे पाहायला पुन्हा त्याच उंबरठ्यावर जाणं हे लहान अनुदानाचं खरं काम आहे.

हे अनुदान येतं कुठून, तेही पाहायला हवं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. आता अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून थोडे पैसे घेऊन तालुक्यात पाहणी करणाऱ्या लहान संस्थांची वाट त्याने बंद झाली. उरले देशातले दाते. साखर, विमा, पवनचक्क्या असल्या विषयांवर देशी दाता किती मोकळेपणाने पैसे देईल, याबद्दल मला शंका आहे.

दुसरी अडचण हप्त्यांची. पुष्कळदा शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावरच हाती पडतो, तोवर पेट्रोल स्वतःच्या खिशातून. मग अर्ज कोण करतं? ज्याच्या घरी दुसरा पगार आहे तो. बीडच्या महाविद्यालयांत ऊसतोड कामगारांची शिकलेली मुलंमुली आहेत. मुकादमाची भाषा त्यांना समजावून घ्यावी लागत नाही. पहिलाच हप्ता मोठा ठेवला, अर्ज मराठीत घेतला आणि मोबाइलवर बोलून पाठवलेली नोंदही अहवाल म्हणून मान्य केली, तर ती पुढे येतील. अट एकच घालावी : लिहिलेल्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची आणि १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवायची. तोवर टोळ्या परतलेल्या असतात, आणि आकडा चुकला असेल तर तिथेच कुणीतरी उठून सांगतं.

(पुढच्या लेखांकात : उचलीचा हिशोब आणि मुकादमाची वही)