आवाज कसा पारखावा?



बैल विकत घ्यायचा झाला म्हणजे आपण काय करतो? त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मडके घेताना त्यावर टिचकी मारतो आणि ते पक्के भाजले आहे की नाही हे नुसत्या आवाजावरून सांगतो. पण आवाजाचेच यंत्र घ्यायची वेळ आली, म्हणजे रेडिओ, स्पीकर किंवा कानाला लावायचा हेडफोन, की मात्र आपण खोक्यावरचे चित्र पाहतो, दुकानदार सांगेल ते ऐकतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. आज हेडफोन दोनशे रुपयांनाही मिळतो आणि लाखभर रुपयांनाही मिळतो. मग एखादा विचारणारच, "गुरुजी, एवढा पैसा कायले घालाचा? दोन्हींतून आवाजच तं येते ना!" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचेच उत्तर आज पाहू.

पहिल्याने हे यंत्र कसे चालते ते समजून घ्या. ढोलकीवर थाप पडली की कातडे थरथरते, त्याने हवा हलते आणि ती लाट आपल्या कानावर येते. हेडफोनमध्येही असेच एक कातडे असते. तो असतो एक पातळ पडदा. त्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि शेजारी लोहचुंबक असतो. वेटोळ्यातून जाणारा विजेचा प्रवाह कमीजास्त झाला की पडदा मागेपुढे हलतो. फरक एवढाच की ढोलकीला हात हलवतो, इथे वीज हलवते. आता खुबी कशात आहे पाहा. पडदा हलका हवा, म्हणजे तो झटकन हलेल. पण ताठही हवा, म्हणजे तो मध्येच वाकणार नाही. आणि आवाज थांबला की त्याच क्षणी त्यानेही थांबले पाहिजे. हलक्या मालाचा पडदा थापेनंतरही डोलत राहतो, म्हणून तिथे एका ठोक्यात दुसरा ठोका मिसळतो. चांगल्या हेडफोनचे पैसे मुख्यतः या पडद्याच्या शिस्तीसाठी असतात.

हेडफोन ही काही काल-परवाची वस्तू नव्हे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा अनेकांजवळ साधे क्रिस्टल सेट होते. त्यांना बॅटरी लागत नसे, पण आवाज इतका क्षीण की तो कानाला हेडफोन लावूनच ऐकावा लागे. १९४८ साली आपले नागपूर केंद्र सुरू झाले तोवर लाऊडस्पीकरचे रेडिओ आले होते आणि एका संचाभोवती सारे घर बसू लागले होते. पुढे १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारा हेडफोन बाजारात आणला. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने उघड्या पाठीचा हेडफोन काढला. त्यात पडद्याची मागची बाजू बंद नसल्यामुळे आवाज डब्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. मात्र बाहेरचे सारे आत ऐकू येते आणि आतले शेजाऱ्याला ऐकू जाते. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बंद पाठीच्या हेडफोनखाली कान घामाने भिजतात हेही ध्यानात असू द्यावे.

आता पारख. त्यासाठी माप हवे. धान मोजायला पायली लागते, तसे आवाज मोजायला ओळखीचा खरा आवाज लागतो. या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस शहरवाल्यापेक्षा मागे नाही, उलट चार पावले पुढेच आहे. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडश्याच्या मंडळ्या गावोगाव जातात आणि रात्र रात्र नाटक चालते. या रंगभूमीची सेवा करणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्याने लहानपणापासून ऑर्गन, तबला आणि नटाची खडी फेक समोर बसून ऐकली आहे, दंडार पाहिली आहे, गोंडी नाचातला ढोल ऐकला आहे, त्याच्या कानात अस्सल माप आधीच बसलेले आहे. यंत्राला विचारायचे ते इतकेच: "त्या खऱ्या आवाजाच्या किती जवळ नेतोस?"

हे विचारायचे कसे? चार गोष्टी करा.

पहिली, माणसाचा आवाज ऐका. ओळखीच्या माणसाचे दोन मिनिटांचे बोलणे फोनवर नोंदवून घ्या. मग त्याला समोर बसवून तेच बोलणे यंत्रातून ऐका. पुरुषाचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो का? बाईचा आवाज पत्र्यावर खडा घासल्यासारखा बोचतो का? तसे असेल तर यंत्र खोटे बोलते आहे.

दुसरी, तबला ऐका. डग्गा दाबून सरकवला की त्याचा सूर वर चढतो, खाली उतरतो. चांगल्या यंत्रात तो घुमारा ओळखू येतो. वाईट यंत्रात नुसते धब धब होते. खर्ज भरपूर असणे निराळे आणि खर्ज खरा असणे निराळे. "बेस जोरदार आहे" म्हणून दुकानात जे ऐकवतात, तो बहुधा भरपूर असतो, पण खरा असतोच असे नाही.

तिसरी, तंबोरा ऐका. साध्या यंत्रात ती एकच गुणगुण वाटते. उत्तम हेडफोन लावला तर चार तारा चार ठिकाणी उभ्या राहतात आणि जवारीची झंकार वर तरंगते. गायकाने सूर लावण्यापूर्वी घेतलेला श्वास, पेटीच्या भात्याची हालचाल, मागे बसलेल्या श्रोत्याचा खोकला हे सारे कळते. उंची हेडफोनचे जे गुण गायले जातात ते याचेच.

चौथी गोष्ट दुकानदार सांगणार नाही. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवा. कारण जे थोडे मोठे वाजते तेच आपल्या कानाला बरे वाटते, मग ते खरे बरे असो वा नसो. आणि घाई करू नका. झगझगीत आवाजाने पहिली पाच मिनिटे मन खूश होते, पण अर्ध्या तासाने डोके दुखू लागते. चांगल्या यंत्राची खूण ही की ते काढून ठेवावेसे वाटत नाही.

"मग लाखाचाच घ्यावा का?" असे कोणी म्हणेल. तर नाही. दोनशे रुपयांचा आणि दोनतीन हजारांचा यांत जो फरक पडतो, तो कुणाच्याही कानाला कळतो. त्यापुढे पैसा झपाट्याने वाढतो आणि फरक हळूहळू वाढतो. शिवाय आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात आवाजाची वरची मर्यादा साधारण पाच हजार कंपनांची असते, एफएमवर ती पंधरा हजारांपर्यंत जाते. निरोगी तरुण कान तर वीस हजारांपर्यंत ऐकू शकतो. म्हणून चंद्रपूर केंद्राचे एफएम प्रक्षेपण जितके स्वच्छ लागते, तितके मध्यम लहरीवरचे लागत नाही. पण एफएमची लाट सरळ रेषेत जाते, डोंगराआड पोहोचत नाही. मध्यम लहर रात्री लांबवर जाते. भामरागड-सिरोंच्याकडच्या माणसाने सेट निवडताना हे दोन्ही ध्यानात घ्यावे. तीच गोष्ट फोनमधल्या गाण्यांची. दाबून दाबून लहान केलेले गाणे लाखाच्या हेडफोनमधून ऐकले तर त्याची खोट तेवढी जास्त स्पष्ट दिसेल.

यंत्राचा जोडही जमला पाहिजे. १९९७ साली निघालेला सेनहायझरचा एचडी ६०० हा नावाजलेला हेडफोन आहे, पण त्याचा विरोध तीनशे ओहम. साध्या फोनला तो जोडला तर आवाज दबका येतो. खोल विहिरीवर लहान मोटार बसवावी तसे होते. त्याला निराळा ॲम्प्लिफायर लागतो, म्हणजे पुन्हा खर्च आला.

आता शिक्षक बंधूंसाठी दोन शब्द. हेडफोन एकाचा असतो, वर्ग चाळिसांचा. १९५६ साली पुणे केंद्रातून पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांसाठी ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि पटले ते अमलात आणीत. त्या प्रयोगावरून १९५९ पासून ही मंडळे देशभर निघाली. एकत्र ऐकण्यात जो लाभ आहे तो एकट्याच्या हेडफोनात नाही. पण एकत्र ऐकायचे तर प्रत्येकाला शब्द न् शब्द कळला पाहिजे. वर्गात बहुधा काय होते? स्पीकर जमिनीवर कोपऱ्यात ठेवतात. कोपऱ्यात खर्ज फुगतो, पुढच्यांच्या पाठीमागे आवाज अडतो आणि मागच्या रांगेला नुसता गलबला पोहोचतो. मग गुरुजी आवाज वाढवतात, तो पत्र्याच्या छपरावर आणि उघड्या भिंतींवर आपटून आणखीच गढूळ होतो.

यावर उपाय बिनपैशाचे आहेत. रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा. टाळीनंतर खणखण ऐकू आली तर भिंती आवाज परतवत आहेत असे समजा. मागच्या भिंतीवर जुनी सतरंजी, गोधडी किंवा गोणपाट टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा, फरक लगेच कळेल. स्पीकर बसलेल्या मुलांच्या डोक्यापेक्षा थोडा उंच ठेवा, भिंतीपासून हातभर पुढे ओढा. मग बटण न वाढवता मुलांना जवळ बसवा. उघड्यावर अंतर निम्मे केले की आवाज चांगला सहा डेसिबलने वाढतो. वर्गात तितका नाही, पण फरक निश्चित पडतो. "सात" आणि "साठ" यांतला भेद अशा वेळी कामाला येतो. फवारणीच्या औषधाचे प्रमाण ऐकताना तो चुकला तर नुकसान पिकाचे होते.

हा भेद ज्या बारीक, वरच्या आवाजाने कळतो, तोच ऐकण्याची शक्ती कर्कश आवाजाने आधी जाते. आतल्या कानात केसासारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टरही उगवून देऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा सांगितली आहे ती अशी: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, आणि ९० डेसिबलचा आवाज आठवड्याला अवघे ४ तास. म्हणजे आवाज थोडा वाढला तरी ऐकण्याचा वेळ फार घटवावा लागतो. मुलांसाठी मर्यादा याहूनही कमी, ७५ डेसिबल. घरी डेसिबल कसे मोजायचे? सोपी खूण सांगतो. हेडफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारा. त्याला ऐकू आली नाही तर बटण खाली आणा. हेडफोन काढल्यावर कानात सूं सूं होत असेल किंवा माणसांचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटत असेल, तर त्या दिवशी कानाला पूर्ण विश्रांती द्या. हे वारंवार होत असेल तर दवाखान्यात दाखवा. कोळसा खाणीत किंवा गिरणीत काम करणाऱ्यांनी तर फार जपावे, कारण त्यांच्या कानाने दिवसभराचा वाटा कामावरच घेतलेला असतो.

आणि एक गोष्ट आपल्या मुलखापुरती. मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणे झाले, तेंदूपाने तोडायला जाणे झाले, तर कानात काही घालून जाऊ नका. वाघ निघाला की झाडावरचे वानर खाकरते, चितळ कूक देते, सांबर भुंकते. ताडोब्यातले वाटाडे याच आवाजांवरून वाघाचा माग काढतात, आणि रानात वावरणाऱ्या माणसालाही याच आवाजाने सावध होण्याची संधी मिळते. आजकाल बाहेरचा गोंगाट बंद करणारे हेडफोन निघाले आहेत. शहरात बसगाडीत ते सुखाचे, पण रानात तेच धोक्याचे. किंमत कितीही असो, जंगलात उघडा कानच बरा. सरपण आणायला जाणाऱ्या पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगा.

तेव्हा यंत्र घ्यायचे झाले तर ऐपतीप्रमाणे अवश्य घ्या. चांगले संगीत चांगल्या आवाजात ऐकणे हा काही चैनीचा गुन्हा नव्हे. फक्त खोके पाहून घेऊ नका, ओळखीचा आवाज ऐकून घ्या. पावसाळ्यात दमट हवेने गाद्या आणि तारा खराब होतात, म्हणून वापरून झाले की पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि शिक्षक बंधूंनी येत्या आठवड्यात टाळीचा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. गोणपाट टांगण्यापूर्वी आणि नंतर शेवटच्या रांगेतल्या मुलाला दहा शब्द लिहायला सांगा, आणि दोन्ही वेळा किती बरोबर आले ते मोजा. वर्गाला काय हवे आहे, नवा स्पीकर की जुनी सतरंजी, ते त्या पाटीवरूनच कळेल.