विश्लेषण : अमेरिकेत कमी बजेटमधले पिस्तूल, भरवसा कशावर?

अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत पात्र प्रौढांना परवान्याशिवाय कपड्यांआड पिस्तूल बाळगता येते. ३०० डॉलरच्या आसपास नवे पिस्तूलही मिळते. पण ते ऐन वेळी चालेल आणि नको तेव्हा चालणार नाही, याची खात्री कशी करायची?

लहान पिस्तूल सोयीचे?
बाळगायला हो, चालवायला नाही. रुगर कंपनीचे ‘एलसीपी’ जेमतेम पाव किलोचे. खिशात सहज मावते. पण हलके पिस्तूल हाताला जोराचा झटका देते, आखूड नळीमुळे नेमही चुकतो. मग सराव टळतो. नवशिक्यांना थोडे जड ‘नाइन एमएम’ पिस्तूल सोपे जाते.

नामांकित कंपनी म्हणजे हमी?
तसे नाही. ‘एलसीपी’ २००८ मध्ये बाजारात आले. खाली पडल्यास गोळी सुटण्याचा धोका आढळल्याने सुरुवातीची पिस्तुले त्याच वर्षी परत मागवावी लागली. म्हणून सेकंडहँड पिस्तूल घेताना त्याचा अनुक्रमांक कंपनीकडे तपासून घ्यावा.

पैसे कुठे वाचवू नयेत?
ट्रिगर पूर्ण झाकणारे होल्स्टर, सरावाची काडतुसे आणि मुलांच्या हाती शस्त्र लागू नये म्हणून कुलूपबंद पेटी, या तिन्हींसाठी पैसे आधीच बाजूला काढावेत. जी काडतुसे रोज बाळगायची, तीही रेंजवर झाडून पाहावीत. पिस्तूल वारंवार अडकत असेल, तर ते कितीही स्वस्त असले तरी महागच!